हे तेल शाकाहारी नाही

आपा, तुझ्या फोटोच्या कोपऱ्यात त्यांनी हिरवं पान लावलं.

तू गेल्याची बातमी कंपनीने ज्या ईमेलमधून सगळ्यांना कळवली, त्यात तुझा तो लॅब कोटमधला, डोळे बारीक करून बघणारा फोटो होता. खाली इंग्रजीत दोन गुळगुळीत वाक्यं होती. आणि कोपऱ्यात, पाकिटावर तिकीट चिकटवतात तसं, एक टवटवीत पान. जी बाई वर्षानुवर्षं तेलाच्या डब्यांवरून असली पानं उतरवायला लावत आली, तिच्याच फोटोवर पान! ते पाहून मी आधी रडले नाही, आधी संतापले. रडू नंतर आलं. हा क्रम तुला मुद्दाम सांगते आहे, कारण तुला तो आवडला असता.

तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. सकाळी चहाचा कप हातात असताना छातीत कळ आली आणि अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं, असं फैझने फोनवर सांगितलं. तुझा हा मुलगा, मी मराठीत काही विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारा. त्या दिवशीही तो आधी म्हणाला, 'आंटी, ममा इज गॉन.' मी काहीच बोलले नाही, तेव्हा त्याला वाटलं असावं की मला कळलं नाही. मग म्हणाला, 'मावशी, आई गेली.' त्याला मराठी येत नाही म्हणून तू किती चिडायचीस. येतं, आपा. चांगलं येतं.

इथेच, कुवेतमध्ये, सुलेबिखातच्या कबरस्तानात तुला नेलं. बायका आत गेल्या नाहीत. मी बाहेर गाडीत बसून राहिले. मूठभर माती मलाही टाकायची होती, ती राहिली, म्हणून हे लिहिते आहे. आणि आधीच सांगून ठेवते, हे गोड होणार नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलेलं आहे आणि ते मी सोडलेलं नाही.

अर्दियाच्या गोदामांमध्ये आपला कारखाना. यंत्रांना लागणारी तेलं तिथे बनतात. बेस ऑइल बाहेरून येतं, त्यात वेगवेगळी रसायनं मिसळायची, डबे भरायचे, लेबलं लावायची आणि पाठवून द्यायचे. तू लॅबची प्रमुख, मी लेबलं आणि सरकारी कागदपत्रं बघणारी. म्हणजे डब्यात काय आहे ते तुला ठाऊक आणि डब्यावर काय छापायचं ते माझ्याकडे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा, एवढाच तुझा हट्ट होता. मी नवीन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तू माझ्या टेबलावर एक लेबल आणून आपटलंस. त्यावर मोठ्या अक्षरांत, तेल पर्यावरणाचं मित्र आहे, अशा अर्थाचं काहीतरी होतं.

'ह्यो कोणाचा मित्र?' तू विचारलंस. 'मना दाखव तरी ह्याचा दोस्त.'

कुवेतमध्ये येऊन मला आठवडा झाला होता, आणि समोर एक अनोळखी बाई श्रीवर्धनच्या खाडीकाठच्या मराठीत मला झापत होती. मला इतका आनंद झाला की मी हसले. तू आणखीच भडकलीस. त्या दिवशी मी तुला 'मॅडम, तुम्ही' म्हणत होते. ते 'आपा, तू' वर कधी घसरलं ते दोघींनाही कळलं नाही. तूही मला शांत असताना 'अनघा' म्हणायचीस आणि रागावलीस की 'अनघे'. मी जास्त वेळ अनघेच होते.

झाकणांची सवय तुझीच. लॅबमध्ये नमुन्यांचे डबे रांगेने ठेवलेले असायचे आणि त्यांच्या झाकणांवर तू मार्करने मराठीत लिहायचीस, कारण त्या सगळ्या कारखान्यात मराठी वाचणाऱ्या दोघीच होत्या, तू आणि मी. 'हलवू नको, जेवायला गेले.' 'साहेब तापलेत, वर येऊ नको.' चाचणीत नापास झालेल्या नमुन्यावर तू 'खोटारडा' लिहायचीस. मी खाली 'शुद्धलेखन तपासा' लिहून पाठवायचे, तू त्याच्या खाली 'पुण्याला परत जा' लिहून पाठवायचीस. मल्याळी लॅब असिस्टंट ते डबे इकडून तिकडे नेताना समजायचे की हे फार महत्त्वाचे तांत्रिक शेरे आहेत. ते महत्त्वाचे होतेच.

तू चिडायचीस, पण कशावर, ते मला मासळीबाजारात कळलं. तू मला जबरदस्तीने झुबैदी घ्यायला नेलं होतंस. 'पापलेट म्हन रे, झुबैदी काय?' असं विक्रेत्यालाच ऐकवत होतीस. येताना धक्क्यावर थांबलीस. पाण्यावर कुठल्याशा बोटीच्या तेलाचा रंगीत थर पसरला होता, ऊन पडून चमकत होता. मी मूर्खासारखं म्हणाले, किती सुंदर दिसतं ना. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी अजून विसरले नाही. मग म्हणालीस, 'तवंग हाय तो. तवंग कालवणावर असावा, खाडीवर नाय.' तुझ्या लहानपणी तुमच्या खाडीत मच्छीमार बोटींच्या इंजिनांचं तेल यायचं, कालवं काढायला गेलेल्या बायकांच्या पायांना ते चिकटायचं आणि तुझी आई दारात राखेने पाय घासत बसायची. तेव्हा त्याला कोणी प्रदूषण म्हणत नव्हतं. तेल आलं, एवढंच म्हणायचे. एवढं सांगून तू गाडीत बसलीस आणि पापलेट कसं चिरायचं यावर मला व्याख्यान दिलंस. मी मासे खायला त्याच दिवशी शिकले. तुझ्या हातचं ते लाल कालवण, वर बोटभर तवंग, आणि तू समोर बसून माझ्या ताटातले काटे मोजत असल्यासारखी बघतेयस. त्या जेवणाचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानते.

आता भांडणाकडे येते.

इथली लेबलांची जुनी नियमावली म्हणजे सगळ्यांच्या सोयीची चादर होती. बेस ऑइल तेवढं निसर्गात विघटन पावणारं आहे असं दाखवलं की झालं, डब्यावर हिरवं पान छापायला मोकळे. त्यात नंतर काय काय मिसळलं, ते माशांना, शेवाळाला काय करतं, हे कोणी विचारायचंच नाही. तू म्हणायचीस, भात चांगला शिजला म्हणून कालवणाची चव सांगणार का तुम्ही? तयार झालेल्या तेलाची, जसं डब्यात भरलं तशीच्या तशी चाचणी करा, आणि मग बोला. नियमावली सुधारण्यासाठी सरकारी समिती बसली, तेव्हा कंपनीने तुला पाठवलं, कारण त्यांना वाटलं लॅबमधली बाई आहे, चहा पिऊन परत येईल. तू ती चाचणीची अट मसुद्यात घालूनच परत आलीस. त्या दिवशी माझ्या टेबलावरच्या डब्याच्या झाकणावर फक्त 'घुसवली' एवढंच लिहिलं होतं. मी तो डबा अजून ठेवला आहे.

मग चिन्हाची वेळ आली. चाचणी पास झालेल्या तेलाला एक अधिकृत चिन्ह मिळणार होतं. पान नको, पान खोटं बोलून बोलून बदनाम झालंय, हे सगळ्यांना पटलं. कुठल्या तरी एजन्सीने साधं, छापायला सोपं, स्वच्छ चिन्ह काढून दिलं. हिरवी चौकट, आत हिरवा गोल. सगळ्यांनी माना डोलावल्या. तूही डोलावलीस, मीही. ते आपण कितीतरी महिने स्क्रीनवर पाहिलं आणि दोघींपैकी एकीच्याही डोक्यात काही वाजलं नाही. आपल्या किराणा दुकानातल्या प्रत्येक बिस्किटाच्या पुड्यावर, प्रत्येक लोणच्याच्या बरणीवर तेच चिन्ह असतं, आणि भारतातलं शेंबडं पोरसुद्धा त्याचा अर्थ सांगेल, हे आपल्याला दिसलंच नाही.

दिसलं ते फरवानियात. तुझ्या इमारतीखालच्या मेसमध्ये तू रोट्या घ्यायला गेलीस, आणि फळीवर बेसन भरलेला आपलाच डबा. नव्या चिन्हासह चाचणीसाठी म्हणून काही गॅरेजांना आपण जे नमुने दिले होते, त्यातला. तेल संपल्यावर रिकामा डबा कोणीतरी आणून दिला होता आणि आचाऱ्याने तो धुऊन वापरात आणला होता. चांगला घट्ट झाकणाचा डबा, का फेकायचा? तू विचारलंस तेव्हा तो राजस्थानी माणूस बिचारा गोंधळून म्हणाला, 'मॅडम, हरा निशान देख के ही लिया. वेज का डिब्बा है.'

तू मला हे सांगताना आधी इतकी हसलीस की तुला ठसका लागला. 'अनघा, आपला हायड्रॉलिक तेल शाकाहारी हाय! उद्या उपासाला चालेल काय?' आणि मग हसता हसता तुझा चेहरा बदलला. मेसमधल्या दोघा-तिघांची पोटं त्या आठवड्यात बिघडलेली होती. डब्यामुळेच, असं कोणी शपथेवर सांगू शकत नव्हतं. मेसमध्ये जेवणाऱ्या माणसाचं पोट बिघडलं तर कोण चौकशी करतो? तू ते बेसन फेकायला लावलंस, नवीन आणून दिलंस आणि दुसऱ्या दिवशी कामावर आलीस ती ठरवूनच. हे चिन्ह जायला हवं. त्याच्या जागी कामगारांच्या भाषांमध्ये सरळ वाक्य हवं: हे खाण्यापिण्याचं नाही, डबा घरात वापरू नका, तेल गटारात आणि समुद्रात ओतू नका. अरबी, इंग्रजी, हिंदी, उर्दू, बंगाली, मल्याळम. आणि मराठी.

'मराठी कशाला?' मी म्हणाले. 'वाचणार कोण? तू आणि मी?'

'मग दोघी वाचू.'

आणि तिथून आपलं ते मोठं भांडण. चिन्हाविरुद्धच्या तुझ्या हरकतीवर मी सही करायला नकार दिला. मी तेव्हा जे म्हणाले तेच आज पुन्हा म्हणते, माफी मागायला हे लिहीत नाही. मी म्हणाले, आपा, चाचणीची अट हे खरं काम आहे. तेवढं एकदा मंजूर होऊ दे. तू आत्ता चिन्हावरून हरकत घेतलीस तर अख्खा मसुदा परत जाईल, आणि ज्यांना चाचणी नकोय ते या हिरव्या टिकलीच्या आड लपून आणखी वर्षं काढतील. तेवढ्या वर्षांचं सगळं तेल जुन्याच नियमाने पान लावून विकलं जाईल, तुझ्याच समुद्रात जाईल. आधी मानक येऊ दे, टिकली नंतर बदलू.

'नंतर म्हंजे कदीच नाय,' तू म्हणालीस. 'नंतर म्हननारी मानसं मी लय बघितली, अनघे. तू तशी होऊ नको.'

मी चिडून म्हणाले, तुला प्रश्न सोडवायचा नाहीये, तुला फक्त बरोबर असायचंय. तू म्हणालीस, दोन्ही करायला काय हरकत हाय? आणि तू एकटीच्या नावाने हरकत दाखल केलीस, समितीत मांडलीसही. आपण चार दिवस बोललो नाही. झाकणंसुद्धा कोरी होती. मग त्या गुरुवारी संध्याकाळी निघताना तू माझ्या दारात थांबलीस आणि म्हणालीस, 'शनिवारी ये, कालवण करते. भांडू पोटभर.' मी म्हणाले, येते. शनिवारी सकाळी फैझचा फोन आला.

कंपनीत तुझ्यासाठी शोकसभा झाली. कॉन्फरन्स रूममध्ये, एसी इतका गार की सगळेच हात चोळत होते. मोठे साहेब बोलायला उभे राहिले. तुझ्या त्या फोटोसमोर, त्या पानासकट, ते म्हणाले की नसीमा मॅडमचं स्वप्न आपण पूर्ण करू या. समितीची पुढची बैठक आहे, तिथे मसुदा आहे तसा, चिन्हासकट, एकमताने मंजूर करू या. तीच त्यांना श्रद्धांजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपा, टाळ्या! शोकसभेत! मला वाटलं, तू आता मागच्या दाराने आत येशील आणि म्हणशील, कोणाचं स्वप्न रे, दाखव तरी मना.

तुझं जे म्हणणं होतं, त्याच्या बरोबर उलट ते करणार होते, आणि वर तुझं नाव लावणार होते. म्हणजे तुझंच लेबल. आत एक, बाहेर एक. बेस ऑइल चांगलं, बाकी विचारू नका.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समितीत तुझ्या जागी मी जायचं आणि तुझी हरकत मागे घेतल्याचं सांगायचं, एवढंच काम. 'आपको तो वैसे भी ऐतराज नहीं था ना?' ते म्हणाले. खरं होतं. नव्हतं. मी म्हणाले, सर, मी आणि आपा भांडत होतो, ते आमचं भांडण होतं. तुम्ही त्यात नव्हता. साहेबांनी फाइल मिटली आणि अगदी मऊ आवाजात विचारलं की माझा इकामा या वर्षी रिन्यू व्हायचा आहे ना? इकामा, हा इथे राहायचा परवाना, म्हणजे काय, ते तू मला पहिल्या महिन्यातच शिकवलं होतंस: तो कंपनीच्या हातात आणि आपण त्याच्या हातात. मी म्हणाले, हो सर, व्हायचा आहे. आणि उठून आले. समितीत जायला मात्र नाही म्हणाले नाही.

आता इथून पुढे मी जे केलं ते तुला आवडलं नसतं.

समितीत रिफायनरीकडून येणारे मेहता साहेब तुला आठवतायत. मीना अल-अहमदीहून गाडी चालवत येतात, बैठक सुरू होण्याआधी येतात, आणि टेबलावर बिस्किटं ठेवली की पुडा उलटा करून हिरवा ठिपका बघितल्याशिवाय एक तुकडाही तोंडात टाकत नाहीत. अंड्याचं फार जपतात. तू त्यांना चिडवायचीस, मेहता साहेब, आमच्या खाडीत या, आमचे मासे पन शेवाळ खातात, ते बी शाकाहारी. ते लाजून हसायचे. माणूस सज्जन. पण तुझ्या हरकतीवर सगळ्यात जोरात तेच बोलले होते. म्हणाले होते, मॅडम, कामगारांना इतकं अडाणी समजू नका, तेलाचा डबा आणि खाण्याचा डबा कोणालाही कळतो, संदर्भ नावाची काही गोष्ट असते.

मी आपल्या पॅकिंग विभागातून न वापरलेला, कधीच तेल न भरलेला एक छोटा कोरा डबा घेतला. नव्या लेबलाचा, चिन्हासकट. त्यात फरवानियातल्या बेकरीतली नानखटाई भरली. बैठकीत चहा आला तेव्हा डबा टेबलावर ठेवला, झाकण काढून बाजूला, तेलाचं नाव माझ्याकडे, हिरवं चिन्ह बाहेर. डॉक्टर हेसा, समितीच्या अध्यक्ष, यांनी एक घेतली. मग डबा सरकत सरकत मेहता साहेबांपाशी गेला.

'अंडा तो नहीं है ना?' त्यांनी विचारलं.

मी फक्त डबा थोडा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं, चिन्ह दिसलं. 'हां, हां, वेज है,' ते म्हणाले आणि नानखटाई खाल्ली.

मी झाकण उचललं, पालथं होतं ते सुलटं केलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. त्यावर आपल्या हायड्रॉलिक तेलाचं नाव होतं. लगेच सांगितलं की डबा कोरा आहे, घाबरू नका, यात कधी तेल भरलेलं नाही. मेहता साहेब हातातल्या उरलेल्या तुकड्याकडे बघत राहिले. मग डॉक्टर हेसांनी इंग्रजीत विचारलं, हे काय चाललंय? त्यांना चिन्हाचा तो अर्थ ठाऊकच नव्हता, ठाऊक असायचं कारणही नाही. तुझी हरकत कागदावर त्यांनी वाचली होती, पण कागदावर ती कोणा एका हट्टी बाईची शंका वाटत होती.

उत्तर मी दिलं नाही. मेहता साहेबांनी दिलं. तुकडा बशीत ठेवला, रुमालाने बोटं पुसली आणि म्हणाले, 'मॅडम, मी पस्तिशी ओलांडल्यापासून या देशात आहे, इंजिनियर आहे, आणि हा विषय मला ठाऊक होता. तरी खाल्लं.' आणि पुढे, 'नसीमा मॅडमचं बरोबर होतं.'

तू असतीस तर म्हणाली असतीस, असा सापळा लावायचा नसतो, अनघे, सरळ बोलायचं असतं. तू सरळ बोललीस, आपा, कितीदा तरी बोललीस. त्यांनी ऐकलं का? मग मला माझ्या पद्धतीने करू दे. मेहता साहेबांना मी नंतर बाहेर गाठून सॉरी म्हणाले. ते म्हणाले, नानखटाई चांगली होती, बेकरीचा पत्ता द्या.

चिन्ह गेलं. त्याच बैठकीत, कोणाचाही विरोध न होता गेलं. मोठ्या साहेबांना ज्या एकमताची हौस होती, ते एकमत झालं.

पण आता ऐक, कारण हे तुला ऐकावंच लागेल. अख्खा मसुदाही परत गेला. नवीन चिन्ह, नवीन मजकूर, पुन्हा सूचना मागवायच्या, पुन्हा बैठका. चाचणीची अट तोपर्यंत लटकलेली. मी म्हणाले होते तेच झालं, अगदी शब्दाला शब्द. जुन्या नियमाचं तेल पान लावून अजून विकलं जातंय, आजही गेलं, आपल्याच गेटमधून ट्रक भरून गेलं. तू बरोबर होतीस आणि मीही बरोबर होते. कालवण समोर ठेवून हे भांडायचं होतं आपल्याला. तू पळालीस. इतकी वर्षं कधी भांडणातून उठली नाहीस आणि नेमकी या भांडणातून उठून गेलीस. याचा मला भयंकर राग आहे. तो मी कोणावर काढू?

साहेब माझ्याशी बोलत नाहीत. इकाम्याचं काय होईल ते माहीत नाही. काय व्हायचं ते होवो. समितीतल्या तुझ्या जागेवरून मला ते हलवू शकत नाहीत, कारण डॉक्टर हेसांनी सर्वांसमोर पुढच्या मजकुराचं काम माझ्याकडे दिलंय: कामगारांच्या भाषांत, सोप्या शब्दांत, कुठल्याही चिन्हाची मदत न घेता, डब्यावर काय लिहायचं ते मी आणायचं. चाचणीची अट कोणी मसुद्यातून हळूच काढू पाहील, तेव्हाही मी तिथे बसलेली असेन. तू घुसवलीस ना? मग ती मी कोणाला बाहेर काढू देणार नाही. आणि तुझं नाव कोणी श्रद्धांजली म्हणून वापरलं तर आधी त्याला विचारीन की ती काय म्हणत होती, सांग बघू.

फैझ काल मेसमध्ये गेला होता. मी त्याला हिंदी मजकूर वाचून दाखवायला पाठवलं होतं, त्या आचाऱ्याला कळतो का बघ म्हणून. आचारी म्हणाला, हां, यह ठीक है, पर 'अपशिष्ट' क्या होता है? मग तो शब्द काढला. फैझने स्वतःहून उर्दू वाक्य त्याच्या अब्बांकडून नीट करून घेतलं. मल्याळम आणि बंगाली आपल्या लॅबमधली मुलं करतायत. समितीच्या यादीत मराठी नव्हतं, मी सुचवलं. डॉक्टर हेसांनी विचारलं, मराठी बोलणारे कामगार किती असतील? मी म्हणाले, रत्नागिरी-रायगडकडची माणसं इथे दुकानांत आहेत, गॅरेजांत आहेत, बंदरावर आहेत. त्या म्हणाल्या, पण ते हिंदी वाचतात ना? मी म्हणाले, वाचतात. आणि वाद घातला नाही, कारण ही लढाई पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवली आहे.

आज लॅबमध्ये नव्या नमुन्यांचे डबे रांगेने आले. तुझी खुर्ची अजून तिथेच आहे, कोणी बसत नाही. तुझा मार्कर ड्रॉवरमध्ये होता, वाळला असेल असं वाटलं, पण चालला. मी पहिल्या डब्याच्या झाकणावर लिहिलं: 'हे खाण्यापिण्याचं नाही. डबा घरात वापरू नका. तेल गटारात, खाडीत ओतू नका.' समुद्र लिहिणार होते, हाताने खाडी लिहिलं. मग दुसऱ्यावर लिहिलं, तिसऱ्यावर, सगळ्या रांगेवर लिहिलं. असिस्टंट मुलाने विचारलं, मॅडम, ये किसके लिए? मी म्हणाले, तांत्रिक शेरा आहे, पुसू नकोस.

शुद्धलेखन बघून घे, आपा. चूक असली तर खाली लिही.